चेंडू लांब मारल्याबाबत

विषय : गोलमागच्या लाकडी स्टँडमधल्या पहिल्या रांगेत, खांबाला टेकून बसता येणाऱ्या जागेवर बसण्यास प्रस्तुत अर्जदाराला झालेली मनाई आणि त्याच प्रकरणी अर्जदाराच्या जावयास राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवणे, याबाबत.

संदर्भ : कपच्या उपांत्यपूर्व फेरीत आपल्या संघाने केलेला एकमेव गोल.

...आणि तो गोल झाला, हे आधी नोंदवून घ्या! पंचांनी शिट्टी वाजवली, मधल्या वर्तुळाकडे बोट दाखवलं, फलकावरचं आमच्या बाजूचं शून्य निघालं आणि तिथं एक लागला, पाहुण्या संघाचे अकराच्या अकरा जण कमरेवर हात ठेवून एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले... आणि तरी आमच्याच गावचे लोक नाक मुरडून म्हणतात, ‘गोल झाला हो, पण असा नको होता!’ असा म्हणजे कसा? गोल म्हणजे काय गणिताचा पेपर आहे, उत्तर बरोबर पण रीत चुकली म्हणून अर्धे मार्क कापायला? चेंडू आत गेला की नाही? गेला. जाळी हलली की नाही? हलली. मग?

तर म्हणे, मी ओरडलो. म्हणे, स्टँडमधून गोलकीपरला सूचना दिल्या. तुम्हाला सांगतो, मी ओरडलो नाही हो... मत मांडलं! आता माझं मत गळ्यातून बाहेर पडताना जरा ऐसपैस होऊन पडतं, त्याला मी काय करू? मी निवृत्त कारकून. जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर हयात गेली. म्हणजे माझी गेली, बाकीच्यांची मी नोंदवली. हॉल हा एवढा मोठा, माणसं दारापर्यंत उभी, आणि नावं पुकारायला जो लाउडस्पीकर होता तो मी नोकरीला लागायच्या आधीच बंद पडलेला. मधली सगळी वर्षं मीच लाउडस्पीकर. ‘पुढचा!’ म्हटलं की बाहेर पायरीवर विडी ओढत बसलेला माणूस विडी टाकून आत यायचा. काहीजण तर समोरच्या पोस्टातून उठून यायचे. अशा माणसाला तुम्ही गोलच्या मागं, पहिल्या रांगेत, गोलकीपरच्या पाठीपासून चार हातांवर जागा देता आणि वर म्हणता, हळू बोला?

आणि गोलकीपर कोण, तर आमचे जावई!

हां, हे आधी सांगायला हवं होतं. आमचे जावई या क्लबचे गोलकीपर. उंची अशी, की आमच्या दारातून वाकल्याशिवाय आत येता येत नाही, आणि स्वभाव असा, की आत आल्यावरही ते पुरते सरळ होत नाहीत. ‘चहा घेणार?’ ‘हो बाबा.’ ‘साखर कमी पडलीय.’ ‘हो बाबा.’ ‘पंखा बंद करू?’ ‘हो बाबा.’ एकदा मी मुद्दाम विचारलं, ‘पंखा बंद केला तर उकडेल ना?’ तर म्हणाले, ‘हो बाबा.’ लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून मी ‘नाही’ ऐकलेलं नाही. आमची कन्या म्हणते, ‘माझं एक ऐकत नाही, तुमचं मात्र सगळं ऐकतो.’ आता यात माझा काय दोष? मी काही त्यांना कान दिलेले नाहीत.

बरं, भांडणाचं मूळ ते नाहीच. भांडणाचं मूळ आहे आमचा नवा कोच. आम्ही त्याला प्राध्यापक म्हणतो. चष्मा आहे, फळा आहे, फळ्यावर चिकटणाऱ्या रंगीत टिकल्या आहेत आणि बाणच बाण काढलेले असतात. त्याचं म्हणणं, चेंडू गोलकीपरनं लांब मारायचाच नाही. शेजारच्या बॅकला द्यायचा. बॅकनं पुन्हा गोलकीपरला द्यायचा. गोलकीपरनं दुसऱ्या बॅकला. असं आपल्याच अंगणात फिरवत फिरवत, समोरच्याला दमवून, मग सावकाश पुढं जायचं. आल्या आल्या त्यानं सगळ्या समर्थकांची सभा घेतली आणि मऊ आवाजात म्हणाला, ‘चेंडू हा आपला मित्र आहे. मित्राला कोणी लांब भिरकावून देतं का?’ टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो. म्हटलं, ‘मित्र आहे मान्य. पण मित्राला चोवीस तास घरात कोंडून ठेवायचं का? त्याला जरा समोरच्यांच्या घरीही जाऊ द्या की! त्यासाठीच तर आलोय आपण!’ त्या दिवसापासून तो माझ्याकडं बघून नुसता हसतो. आणि मी ओरडलो नव्हतो हो, मत मांडलं होतं!

आमचे लोक काय, लगेच दोन तट. एक जमीनवाले, एक हवावाले. जमीनवाल्यांचा म्होरक्या आमचा सलूनवाला. माणूस चांगला, हात हलका, पण फुटबॉल निघाला की वस्तरा जागच्या जागी थांबतो. कुठं थांबतो, तर नेमका गळ्याच्या घाटीवर! आणि तिथं थांबवून विचारतो, ‘सांगा, खेळ जमिनीवरून चांगला की हवेतून?’ आता अशा वेळी माणूस काय सांगणार? ‘जमिनीवरून,’ म्हणायचं, दाढी उरकायची, टॉवेलनं तोंड पुसायचं आणि दारात उभं राहून ओरडा... म्हणजे मत मांडायचं, ‘हवेतून! हवेतून! हवेतून!’

कपावरूनही तेच. सलूनवाला म्हणतो, ‘लीग म्हणजे संसार, कप म्हणजे सोडत. लीगमध्ये वर्षभर सातत्य लागतं. कपात काय, चार दिवस नशीब चाललं की झालं. कपाला दुय्यम खेळाडू उतरवावेत आणि पहिले अकरा लीगसाठी जपून ठेवावेत.’ जपून ठेवावेत! लोणच्यासारखे! अहो, लीगमध्ये आम्ही आहोत कुठं? खालच्या लीगच्या मधोमध. दरवर्षी मधोमध! वर जायची आशा नाही, खाली पडायची भीती नाही, माझी नोकरी होती तशी. आणि कप म्हणजे काय? कप म्हणजे वर्षातून एकदा देशातला मोठ्यातला मोठा क्लब चिठ्ठीनं नाव निघालं म्हणून आमच्या दारात येतो, आमच्या गळक्या खोलीत कपडे बदलतो, आमच्या उतार असलेल्या मैदानावर खेळतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही! लीगमध्ये ही माणसं आमच्याशी बोलतील तरी का? आणि आता तेही कमी करायला निघालेत. पूर्वी बरोबरी झाली की पुन्हा सामना व्हायचा, मग त्यांच्या मैदानावर आम्ही जायचो, डबे घेऊन. आता तेही काढलं. मोठ्यांच्या खेळाडूंना थकवा येतो म्हणे. बरोबरी झाली की सरळ पेनल्टी. उरकून टाका! आणि त्याखाली कुठंतरी छोटा कप म्हणून आणखी एक असतो, त्याला तर कोणी विचारतच नाही, जिंकणारेसुद्धा लाजत घेऊन जातात... पण तो विषय वेगळा.

तर उपांत्यपूर्व फेरी. चिठ्ठी निघाली, मोठा क्लब आला. त्यांची बस आमच्या स्टँडपेक्षा लांब! आमचं अख्खं गाव मैदानात. प्राध्यापकानं, त्याला तेवढं श्रेय देतो, पहिले अकरा उतरवले. जावईबापू गोलमध्ये. दुसऱ्या अर्ध्यात ते आमच्या बाजूच्या गोलमध्ये आले, म्हणजे माझ्यापुढं. मी खांबाला टेकून. काय अडवलं हो त्यांनी! एक पायानं, एक मुठीनं, एक तर मला वाटतं कानानं. शून्य शून्य. सामना संपत आलेला. आता पेनल्टी होणार, आणि पेनल्टीत हे मोठ्या क्लबवाले आम्हाला कच्चं खाणार, हे लहान मुलालाही कळत होतं.

आणि चेंडू जावईबापूंच्या पायात.

डावीकडचा बॅक, त्याच्या अंगाला अंग लावून त्यांचा एक उभा. उजवीकडचा बॅक, त्याच्या मानगुटीवर दुसरा. तिसरा सरळ जावईबापूंच्या अंगावर धावत येतोय. आणि कोच रेषेवर उभा राहून दोन्ही तळहात खाली दाबतोय. असे... रडणारं पोर झोपवतात तसे. ‘शांत. जमिनीवर. शांत.’ सलूनवाला माझ्या शेजारी, तोही हात दाबतोय. सगळी रांग हात दाबतेय! आणि तो तिसरा जवळ येतोय... आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मार की लांब, गाढवा!’

आता ‘गाढवा’ हा शब्द गेला, हे मी कबूल करतो. भर मैदानात, हजारो लोकांसमोर, स्वतःच्या जावयाला. त्या शब्दापुरता खेद. पण ‘लांब’ या शब्दाबद्दल नाही! कारण त्याच क्षणी चेंडू सुटला. काय सुटला! मधली रेषा ओलांडून, वाऱ्यावर बसून, पलीकडं आमचा शिडी उभा होता त्याच्या डोक्यावर. शिडी म्हणजे आमचा उंच स्ट्रायकर. त्याच्या पायात चेंडू दिला तर तो पायालाच विचारत बसतो की आता काय करू, पण डोक्यावर मिळाला की विचार करत नाही. त्यानं डोकं लावलं आणि गोल!

सगळं मैदान नाचतंय. अनोळखी माणसांनी माझे पापे घेतले. सलूनवाल्यानं मला मिठी मारली, मग एकदम आठवल्यासारखी सोडली. आणि कोच? कोचनं रागारागानं पायाजवळच्या पाण्याच्या बाटलीला लाथ मारली. आता लाथ कशी मारली, तर... लांब! बाटली थेट कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेली. शेजारच्या बाटलीला दिली नाही काही.

झालं. आम्ही उपांत्य फेरीत. दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळी मी आपला दाढीला गेलो. सलूनमध्येच आमच्या समर्थक संघटनेची सभा भरते, आरसे मोठे असल्यामुळं उपस्थिती दुप्पट दिसते. मी खुर्चीत, तोंडाला फेस, वस्तरा गळ्यावर. संघटनेचे सेक्रेटरी म्हणजे आमचा चष्म्यांचा दुकानदार. अख्ख्या गावाचे नंबर ठाऊक असलेला माणूस, पण ऑफसाइड अजून दिसत नाही त्याला. तो उभा राहिला आणि कागद न बघता म्हणाला, ‘कालचा गोल संघाच्या ठरलेल्या शैलीत बसत नसल्याबद्दल ही सभा खंत व्यक्त करते, मात्र विजयाचा स्वीकार करते. कोणाचा विरोध?’

विरोध! माझा विरोध! पण वस्तरा कुठं होता? मी डोळे फिरवले, पाय आपटले, खुर्चीच्या दांडीवर बोटं वाजवली. सलूनवाला म्हणाला, ‘हलू नका काका, कापेल.’ सेक्रेटरी म्हणाला, ‘विरोध नाही. ठराव एकमतानं मंजूर.’ एकमतानं! विरोधी मत गळ्याला पातं लावून बसवलेलं आणि ठराव एकमतानं!

वस्तरा उचलला गेला तसा मी उठलो. म्हटलं, ‘विजय स्वीकारता आणि गोलाची खंत करता? मग जा, विजय परत करून या!’ सलूनवाला म्हणाला, ‘काका, आपण जिंकलो, पण जिंकल्यासारखं वाटलं नाही हो.’ म्हटलं, ‘हरल्यावर छान वाटतं का तुला? दरवर्षी वाटतंच की!’ आणि निघालो. तो मागून ओरडतोय, ‘काका, अहो अर्धी राहिली!’ राहू दे! डाव्या गालाला फेस, उजवा गुळगुळीत, असा मी बाजारातून घरापर्यंत ताठ चालत आलो. लोक बघत होते. बघू दे! आमच्या हिनं दार उघडलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘उरलेली कुठं ठेवून आलात?’

त्यानंतर क्लबचं पत्र. मॅनेजरच्या सहीचं. की गोलमागून खेळाडूस सूचना दिल्यामुळं मला त्या स्टँडमध्ये बसण्यास मनाई. पलीकडच्या कोपऱ्यात जागा देण्यात येत आहे. लेखी खेद आणि पुन्हा असं न करण्याची हमी दिल्यास विचार होईल. आणि कोच सगळ्यांसमोर म्हणाला, ‘गोलकीपरचे कान आधी माझ्याकडे हवेत. संघाला दोन कोच नसतात. सासऱ्यांचा खेद येऊ दे, मग बघू.’ आणि जावईबापूंना बाकावर बसवलं! मोठ्या क्लबला अख्खा सामना एकही गोल करू न देणारा गोलकीपर... बाकावर! त्यांच्या जागी दुसरा, ज्याला सगळे मांजर म्हणतात.

संध्याकाळी कन्या आली. ती प्रयोगशाळेत आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि घरी येऊन माझं आटवते. पर्स ठेवली नाही, चपला काढल्या नाहीत.

‘बाबा, दोन ओळी लिहा.’

‘कसल्या?’

‘चूक झाली म्हणून. त्याला किती वर्षांनी अशी मॅच मिळालीय माहितेय ना? पस्तिशीला आलाय तो. पुन्हा कधी सेमीफायनल खेळणार आहे?’

म्हटलं, ‘गाढव म्हटल्याबद्दल लिहितो. आत्ता लिहितो. पण लांब म्हटल्याबद्दल कसं लिहू? मी ओरडलो नाही गं... मत मांडलं!’

तर आतून आमची ही आली, पदराला हात पुसत. या बाईला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण नेम कधी चुकत नाही. म्हणाली, ‘एवढी वर्षं ऑफिसात काढलीत. साहेबांपुढं कधी एक मत मांडलंत?’

तुम्हाला सांगतो, मांडलं होतं हो, एकदा. लाउडस्पीकर दुरुस्त करावा असं. ते टेबलावरून टेबलावर गेलं, आणि मी निवृत्त झाल्यावर लाउडस्पीकर दुरुस्त झाला. बाकी जन्मभर माझ्या खिडकीतून इतरांचं म्हणणं आत गेलं आणि साहेबांचं म्हणणं बाहेर आलं. माझं? आता तुम्हीच सांगा, आयुष्यात एकदा, एकदाच, मी मत मांडलं आणि त्यावर कुठलाही शेरा न मारता, कोणाचा अभिप्राय न मागवता, ताबडतोब अंमलबजावणी झाली! आणि अंमलबजावणी झाली ती झाली, त्यातून गोल झाला! आणि त्याबद्दल मी खेद लिहून द्यायचा? माझ्याच हातानं? नाही देणार. कोपऱ्यात बसवा, झेंड्यावर बसवा, नाही देणार!

नाही दिला. कन्या चपला न काढताच निघून गेली.

उपांत्य सामना आला. मी पलीकडच्या कोपऱ्यात. इथून गोल दिसतो तो कसा, तर उभ्या काठीसारखा. आणि समोर, रेषेपलीकडं, आमच्या खेळाडूंचा बाक. बाकाच्या टोकाला जावईबापू. गुडघे हनुवटीला टेकलेले, आणि... हातमोजे घालून बसलेले हो! बाकावर! सगळा वेळ! आमची ही म्हणाली, ‘थंडी असेल.’ थंडी नव्हती.

आणि मांजर खेळला. काय सांगू तुम्हाला, मला सांगायचं नाहीये, पण खोटं बोलायची मला सवय नाही. त्यानं चेंडू डावीकडं दिला, डावीकडून मध्ये, मधून परत मांजराकडं, माझ्या घशात ‘लांब!’ येऊन बसलेलं, पण ओरडून काय उपयोग, तिथून माझा आवाज पोचणारच नव्हता... आणि तेवढ्यात उजवीकडं, पुढं, मध्ये, समोरचे दोघे एकमेकांवर आपटले, एक पास, दुसरा पास, सगळं मैदान श्वास धरून, आणि आमचा एक बारका पोरगा एकटा गोलपुढं! नुसता पाय लावला. गोल. जमिनीवरून. पहिल्यापासून शेवटपर्यंत जमिनीवरून.

मी उभा राहिलो होतो. का राहिलो, माहीत नाही. पायाला मुंग्या आल्या असतील. आणि हात एकमेकांवर आपटत होते म्हणे. आमची ही म्हणते, टाळ्या वाजवत होतात. आणि बाकावरून जो माणूस सगळ्यांत आधी उडी मारून उठला, ज्यानं रेषेवर धावत जाऊन लांबून मांजराला दोन्ही हात वर करून दाखवले, ते आमचे जावई. त्यांची जागा घेणाऱ्याला!

सामना संपला. आम्ही फायनलमध्ये! सलूनवाला गर्दीतून वाट काढत माझ्या कोपऱ्यात आला. मी म्हटलं, आता हा मला सोडत नाही. पण तो हळूच म्हणाला, ‘काका, बघितलंत?’

‘बघितलं.’

‘मग?’

‘पोचला,’ मी म्हटलं, ‘पण उशिरा.’

तो हसला. म्हणाला, ‘उद्या या. उरलेली करून टाकू.’ आठवडाभर मी घरीच करत होतो हो, गालावर तीन ठिकाणी कापलं होतं. पण मी म्हटलं, ‘ठराव आधी मागं घ्या.’

आता पंचाईत बघा. संघ जिंकला. म्हणजे मांजर जिंकला. म्हणजे आता मी लेखी खेद दिला काय न दिला काय, कोच जिंकणारा गोलकीपर कशाला काढेल? कन्या एकच वाक्य बोलली, ‘बाबा, आता लिहून तरी काय उपयोग?’ आणि ती भांडली नाही. तुम्हाला सांगतो, ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी कोट चढवायला घेतला. म्हटलं, जातो क्लबमध्ये आणि त्या प्राध्यापकाच्या फळ्यावरच्या सगळ्या टिकल्या काढून आणतो. तर दारात जावईबापू. वाकलेले.

म्हटलं, ‘चला जावईबापू, आपण दोघं जाऊ.’

‘नाही बाबा.’

मी कोटाची एकच बाही घातलेला, तसाच उभा राहिलो. नाही? हा शब्द यांना येतो?

‘बाबा, एक सांगायचं होतं. तो चेंडू... तुम्ही म्हणालात म्हणून नाही मारला मी. शिडी मोकळा दिसला. पाय उचलला होता मी आधीच. तुमचं ऐकू आलं ते मारल्यावर. कोचला तेच सांगून आलोय. तुमचा संबंध नाही, मीच त्यांची पद्धत मोडली. तुमची जागा तुम्हाला परत मिळेल.’

आता मला सांगा! मी काय करायचं? हा माणूस खरं बोलत असेल, तर माझ्या आयुष्यातलं एकमेव अमलात आलेलं मत... ते अमलात आलेलंच नाही! चेंडू आधी सुटला आणि मत मागून पोचलं! आणि खोटं बोलत असेल, तर माझ्यासाठी, माझ्या खांबाशेजारच्या जागेसाठी, स्वतःच्या अंगावर घेतोय. सासऱ्याच्या सांगण्यावरून चुकला, तर त्याला निदान क्षमा आहे. स्वतःहून कोचला मोडून मारला म्हटल्यावर फायनल तर सोडाच, पुढच्या वर्षी तरी ठेवतील का? मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. काही कळेना. उंच माणसाचं तोंड वर असतं, नीट वाचता येत नाही.

‘जावईबापू, खरं सांगा.’

‘हो बाबा,’ म्हणाले. आणि गेले.

मग मी बसलो आणि अर्ज लिहिला. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज घेतले, हा माझा. त्यात लिहिलं, की उपांत्यपूर्व सामन्यात अर्जदार ओरडला. मत मांडलं नाही, ओरडला. मोठ्यांदा ओरडला. समोरच्या पोस्टात ऐकू जाईल असा ओरडला. गोलकीपरने चेंडू लांब मारला तो केवळ अर्जदाराच्या ओरडण्यामुळे मारला, त्याबाबत गोलकीपर जे काही वेगळं सांगत असतील ते त्यांचा स्वभाव भिडस्त असल्यामुळे सांगत आहेत, त्याकडे लक्ष देऊ नये. अर्जदार आपली लाकडी स्टँडमधली जागा कायमची सोडत आहे, ती कोणालाही द्यावी, जमीनवाल्याला दिली तरी चालेल. गोलकीपरला मात्र फायनलमध्ये उभं करावं. खेद? खेद एका शब्दापुरता लिहिला. ‘गाढवा’ या शब्दापुरता. दुसऱ्या शब्दाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ते मी मेलो तरी लिहिणार नाही. कारण तो गोल होता! झाला होता!

अर्ज मॅनेजरना दिला. मॅनेजरनी कोपऱ्यात ‘कोच यांचा अभिप्राय घ्यावा’ असं लिहून कोचकडं पाठवला. कोचनं ‘मॅनेजर यांनी उचित निर्णय घ्यावा’ असं लिहून परत पाठवला. फायनल येत्या रविवारी. काल मी क्लबच्या खिडकीवर जाऊन चौकशी केली. आत एक तरुण कारकून आहे. त्यानं वर न बघता काहीतरी सांगितलं. आवाज अगदी बारीक, मला पुन्हा विचारावं लागलं. तर म्हणाला, ‘विचाराधीन आहे.’

मी म्हटलं, बरं.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.